विंडोजवरून लिनक्सवर आलेल्यांसाठी: सॉफ्टवेअर टाकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं लिनक्स मिंट २२ आणि उबुंटू २४.०४ यांना धरून आहेत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यानंतर जुना लॅपटॉप भंगारात न काढता ज्यांनी लिनक्स टाकलं, त्यांना बहुधा हीच दोन नावं सुचवलेली असतात. मिंट २२ उबुंटू २४.०४ च्याच पायावर उभं आहे, त्यामुळे जवळपास सगळ्या कमांड दोन्हीकडे सारख्या चालतात. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत) त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या आणि दोन शब्दांमध्ये एक स्पेस द्यायची. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ते पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवतं. ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, ते सॉफ्टवेअर बसवणारं-काढणारं साधन. मोठी-छोटी अक्षरं लिनक्सला वेगळी वाटतात, एवढं ध्यानात ठेवा.

व्हीएलसीची सेटअप फाइल कुठून डाउनलोड करू?

कुठूनच नाही. मेनूत ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडा (उबुंटूत त्याला ‘ॲप सेंटर’ म्हणतात), व्हीएलसी शोधा, ‘इन्स्टॉल’ दाबा, पासवर्ड द्या. झालं.

विंडोजवर आपण आधी ब्राउझर उघडतो, नाव शोधतो, पाच हिरव्या बटणांतलं खरं ‘डाउनलोड’ कोणतं ते ओळखतो आणि मग नेक्स्ट-नेक्स्ट करतो. लिनक्सवर प्रत्येक वितरणाचं (म्हणजे मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकाराचं) स्वतःचं कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी किंवा बोलताना नुसतं ‘रेपो’ म्हणतात. त्यातली पॅकेजेस (बसवायला तयार सॉफ्टवेअरची गाठोडी) वितरणाच्या लोकांनी बांधलेली असतात आणि पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही असते. उतरवलेलं पॅकेज त्या यादीशी जुळलं नाही तर ॲप्ट ते घेतच नाही. पुढचे अपडेटही तिथूनच येतात, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा अपडेटर कोपऱ्यात बसून डोकं खात नाही.

तेव्हा शोधायचं ते आधी रेपोत. तिथे नसेल किंवा फार जुनं असेल तर फ्लॅटपॅक. तिथेही नसेल तर बनवणाऱ्यांच्या अधिकृत साइटवरची डेब फाइल, मग ॲपइमेज आणि सगळ्यात शेवटी सोर्स कोड. (हे प्रकार काय ते पुढे येईल.) या क्रमाने गेलात तर खालच्या निम्म्या प्रश्नांशी तुमची गाठच पडणार नाही.

टर्मिनल शिकायलाच हवं का?

रोजच्या वापराला नाही. पण काही बिघडलं की टर्मिनल नेमकं काय बिघडलं ते सांगतं, चित्रांची खिडकी मात्र गोल फिरत बसते. शिवाय मदत मागितली की समोरचा माणूस कमांडच देतो, कारण ‘डावीकडच्या तिसऱ्या बटणावर क्लिक करा’ यापेक्षा ते सोपं पडतं. रोजच्या कामाला चार कमांड पुरतात:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट अपग्रेड
सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी
सुडो ॲप्ट रिमूव्ह व्हीएलसी

उबुंटूत पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तारेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो. टाइप करत राहा आणि एंटर दाबा. मिंटमध्ये तारे दिसतात. कॉपी-पेस्ट करताना कंट्रोलच्या जोडीला शिफ्टही दाबायचं: कंट्रोल-शिफ्ट-सी आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही. नुसतं कंट्रोल-सी दाबलंत तर चालू काम तिथेच मरतं.

‘अपडेट’ केलं, तरी जुनंच व्हर्जन दिसतंय. असं का?

नावाचा घोटाळा आहे. ॲप्टमध्ये ‘अपडेट’ फक्त रेपोची यादी ताजी करतं: कोणत्या पॅकेजचं कोणतं व्हर्जन आता उपलब्ध आहे, एवढंच. प्रत्यक्ष नवी पॅकेजेस ‘अपग्रेड’ आणतं. यादी शिळी असताना इन्स्टॉल केलं की हमखास ४०४ ची चूक येते, कारण यादीतली फाइल सर्व्हरवरून काढून तिथे नवी ठेवलेली असते. म्हणून नवं काही टाकण्याआधी ‘अपडेट’ चालवायची सवय लावा.

अपग्रेडही केलंत आणि तरी जुनंच असेल, तर रेपोतच तेवढं आहे. उबुंटू २४.०४ सारख्या दीर्घकालीन आवृत्तीत पॅकेजांची व्हर्जन गोठवलेली असतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नवी वैशिष्ट्यं सहसा येत नाहीत. उदाहरणार्थ जिम्प: मार्च २०२५ मध्ये जिम्प ३.० आलं, पण उबुंटू २४.०४ च्या रेपोत २.१० च आहे. तीन हवं असेल तर फ्लॅटपॅकचं घ्या. पण सगळंच ताजं हवं हा हट्ट कशाला? रोज काम करणारं जुनं व्हर्जन हा दोष नाही.

‘युनेबल टू लोकेट पॅकेज’ असं येतंय.

तीन कारणं. एक, ‘अपडेट’ चालवलेलं नाही. दोन, पॅकेजचं नाव वेगळं आहे. प्रोग्रॅमचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. ‘ॲप्ट सर्च’ आणि पुढे एखादा शब्द देऊन शोधा. तीन, उबुंटूत ‘युनिव्हर्स’ हा रेपोचा विभाग बंद आहे. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ या खिडकीत पहिल्याच टॅबवर त्याची खूण असते. ती करा आणि परत ‘अपडेट’ चालवा.

इन्स्टॉल करताना भली मोठी यादी येते आणि ‘वाय की एन’ विचारतं. काय बघायचं?

दोन गोष्टी बघायच्या. पहिली, किती एमबी उतरवणार आणि डिस्कवर किती जागा खाणार. दोन्ही आकडे शेवटच्या ओळींत असतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ते आधी वाचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ‘विल बी रिमूव्ह्ड’ अशी ओळ आहे का आणि तिच्याखाली काय आहे. एक प्रोग्रॅम टाकायला गेलात आणि खाली वीसेक पॅकेजेस निघणार असं दिसलं, तर ‘एन’ दाबा आणि आधी कारण शोधा.

२०२१ साली यूट्यूबवरच्या लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर स्टीम हे खेळांचं दुकान टाकताना हा इशारा ओलांडला. तेव्हा ॲप्ट अशा वेळी ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य टाइप करायला लावायचं. त्याने ते केलं आणि त्याचा सगळा डेस्कटॉप निघून गेला. मूळ चूक पॅकेजच्या अवलंबनांतली (म्हणजे त्याला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजांतली) होती, तरी यादीत काय निघणार ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

डेब फाइल डाउनलोड केली, डबल क्लिक करून काहीच होत नाही.

मिंटमध्ये डबल क्लिकवर छोटी इन्स्टॉलर खिडकी उघडते, तिथे अडचण येऊ नये. उबुंटू २४.०४ आलं तेव्हा ॲप सेंटरला बाहेरून आणलेल्या डेब फाइल टाकताच येत नव्हत्या. ही सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली. काहीही असो, टर्मिनलचा रस्ता कायम चालतो. डाउनलोड्स फोल्डरमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करून टर्मिनल उघडा आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून एक स्पेस, मग एक टिंब, एक तिरकी रेघ आणि त्याला चिकटून फाइलचं नाव द्या. नावाची पहिली चार अक्षरं लिहून टॅब दाबलंत की बाकीचं नाव आपोआप भरलं जातं.

टिंब आणि रेघ विसरू नका. ती नसली तर ॲप्टला वाटतं की तुम्ही रेपोतल्या पॅकेजचं नाव देताय, आणि ते शोधत बसतं.

शेवटी कधीकधी ‘डाउनलोड इज परफॉर्म्ड अनसँडबॉक्स्ड ॲज रूट’ अशी ओळ येते. पाहून पोटात गोळा येतो, पण ती नुसती सूचना आहे. फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये होती आणि ॲप्टच्या मर्यादित खात्याला ती वाचता आली नाही, एवढाच तिचा अर्थ. सॉफ्टवेअर नीट बसलेलं असतं.

जुन्या व्हिडिओंत ‘डीपीकेजी’ (ॲप्टच्या खालचं मूळ साधन) आणि पुढे वजा-आय असं सांगतात. डीपीकेजी अवलंबनं ओढून आणत नाही, त्यामुळे पॅकेज अर्धवट लटकतं. तसं झालंच तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे दोन वजा चिन्हांना चिकटून ‘फिक्स-ब्रोकन’ चालवा.

माझा प्रोसेसर इंटेलचा आहे. साइटवर ‘एएमडी ६४’ लिहिलेली फाइल आहे, ती चालेल का?

तीच घ्यायची. आपण वापरतो ती ६४ बिटांची रचना एएमडीने आणली आणि इंटेलने मागून स्वीकारली, म्हणून नाव तेच राहिलं. ‘आय ३८६’ म्हणजे जुनी ३२ बिटांची, आणि ‘आर्म ६४’ म्हणजे रास्पबेरी पाय वगैरेंसाठी. फाइलच्या शेवटी ‘आरपीएम’ असेल तर ती फेडोरा किंवा ओपनसुसेसाठी आहे, तुमच्या कामाची नाही.

फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज… एवढे प्रकार कशाला?

डेब पॅकेज तुमच्या सिस्टिममधल्या सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना लागणारे तयार भाग) वापरतं. म्हणून ते आकाराने लहान असतं, पण त्याला नेमक्या त्याच व्हर्जनच्या लायब्ररी लागतात. बाकीचे तिघे आपला शिधा बरोबर घेऊन येतात.

फ्लॅटपॅक मिंटमध्ये आधीपासून असतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये काही प्रोग्रॅमच्या पानावर ‘सिस्टिम पॅकेज’ की ‘फ्लॅटपॅक’ अशी निवड दिसते ती हीच. मिंट २२ मध्ये मूळ निर्मात्याने पडताळणी न केलेली फ्लॅटपॅक्स सुरुवातीला दडवलेली असतात. हवी असतील तर सॉफ्टवेअर मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये परवानगी द्यावी लागते. उबुंटूत आधी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्लॅटपॅक’ करायचं, मग फ्लॅटहबच्या (फ्लॅटपॅकच्या कोठाराच्या) साइटवरची रिमोट जोडायची कमांड चालवायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. हे शेवटचं विसरलं की प्रोग्रॅम बसतो पण मेनूत दिसत नाही.

पहिलं फ्लॅटपॅक टाकताना डाउनलोडचा आकडा शेकडो एमबीत जातो. तो प्रोग्रॅमचा नसतो, त्याच्या ‘रनटाइम’चा, म्हणजे वर म्हटलेल्या शिध्याचा असतो, आणि तोच रनटाइम पुढच्या प्रोग्रॅमना वापरता येतो. महिन्या-दोन महिन्यांनी ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’ आणि पुढे दोन वजा चिन्हांना चिकटून ‘अनयूज्ड’ चालवलं की पडून राहिलेले जुने रनटाइम निघतात.

फ्लॅटपॅक कुंपणात चालतं. पेन ड्राइव्हवरची किंवा दुसऱ्या पार्टिशनवरची फाइल त्याला दिसत नसेल तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका. फ्लॅटसील नावाचं छोटं साधन टाका आणि त्यात त्या प्रोग्रॅमला फोल्डरची परवानगी द्या.

स्नॅप हे उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीचं. उबुंटू २४.०४ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड स्नॅप म्हणून येतात, ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’ म्हटलं तरी स्नॅपच बसतो. जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडताना तो रेंगाळतो. स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःहून अपडेट तपासतो. डेटा मोजका असेल आणि कनेक्शन ‘मीटर्ड’ ठेवलेलं असेल, तर ‘सुडो स्नॅप सेट सिस्टिम’ लिहून पुढे ‘रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड’ द्या. म्हणजे हॉटस्पॉटवर तो गप्प बसेल. मिंटने २०२० पासून स्नॅप मुद्दाम अडवलेला आहे. तिथे फायरफॉक्स साधं डेब पॅकेज म्हणूनच येतो.

ॲपइमेज उघडतच नाही.

ॲपइमेज म्हणजे विंडोजवरच्या पोर्टेबल एक्झीसारखी एकच फाइल. ती इन्स्टॉल करायची नसते, नुसती चालवायची असते. न चालण्याची कारणं ठरलेली आहेत.

आधी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि परवानग्यांमध्ये ‘प्रोग्रॅम म्हणून चालू द्या’ ही खूण करा. डाउनलोड केलेल्या कुठल्याही फाइलला लिनक्स आपण होऊन चालू देत नाही. ही खूण टिकतच नसेल तर फाइल बहुधा फॅट फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर आहे, तिथे ही परवानगी साठवायला जागाच नाही. ती होम फोल्डरमध्ये आणा.

तरीही नाही? मग ॲपइमेजला लागणारी ‘लिबफ्यूज २’ ही लायब्ररी मशीनवर नाही, ती टाका. २४.०४ मध्ये पॅकेजचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’ असं आहे. इथे एक खड्डा आहे: नावात ‘लिब’ नसलेलं नुसतं ‘फ्यूज’ हे पॅकेज टाकू नका. ते नव्या फ्यूज ३ ला काढून टाकतं आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे काही भागही नेतं.

टर्मिनलमधून चालवल्यावर ‘सँडबॉक्स’ शब्द असलेली चूक आली, तर उबुंटू २४.०४ मधल्या ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेच्या नव्या निर्बंधामुळे ती आली आहे. अशा वेळी त्याच प्रोग्रॅमचं डेब किंवा फ्लॅटपॅक घेणं शहाणपणाचं. ‘नो-सँडबॉक्स’ लावून चालवा असा सल्ला सर्रास मिळतो, पण तो घेतलात तर प्रोग्रॅमभोवतीचं कुंपण तुम्ही हाताने पाडलेलं असतं.

टार-जीझेड फाइल आली आहे. ही कशी इन्स्टॉल करायची?

आधी उघडून आत डोकवा. ही विंडोजवरच्या झिपसारखी नुसती पिशवी आहे, आत काहीही असू शकतं. ब्लेंडरच्या अशा गाठोड्यात तयार प्रोग्रॅम असतो: बाहेर काढा, फोल्डरमधल्या ब्लेंडरवर क्लिक करा, चालतं. आत ‘कॉन्फिगर’ नावाची फाइल आणि ढीगभर सी फाइली दिसल्या तर तो सोर्स कोड आहे. तो बांधायला ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज लागतं, शिवाय प्रत्येक लायब्ररीचं ‘डेव्ह’ने संपणारं पॅकेज वेगळं. आणि असं बांधून बसवलेलं ॲप्टला माहीतच नसतं. ते अपडेट होत नाही आणि सरळ निघतही नाही. नवख्याने या वाटेला जाऊ नये. तोच प्रोग्रॅम रेपोत किंवा फ्लॅटहबवर आहे का, ते आणखी एकदा बघा.

‘कुड नॉट गेट लॉक’ येतंय. लॉक फाइल डिलीट करू का?

करू नका. एका वेळी एकानेच पॅकेजांना हात लावावा म्हणून ते कुलूप असतं. त्याच ओळीत कोणत्या प्रक्रियेने ते धरलंय तेही लिहिलेलं असतं. बहुधा ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ किंवा उघडा राहिलेला अपडेट मॅनेजर. मशीन नुकतंच सुरू केलं असेल तर मागे सुरक्षेचे अपडेट चालू असतात. दहा मिनिटं चहा घ्या आणि परत करा. मध्येच कुलूप तोडलंत तर अर्धवट बसलेली पॅकेजेस निस्तरत बसावं लागेल.

इन्स्टॉल चालू असताना वीज गेली किंवा लॅपटॉपची बॅटरी संपली, तर पुढच्या वेळी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असं येतं. घाबरू नका, उपाय त्याच ओळीत छापलेला असतो: ‘सुडो डीपीकेजी’ आणि पुढे दोन वजा चिन्हांना चिकटून ‘कॉन्फिगर’, मग स्पेस, मग वजा-ए. ते पूर्ण होऊ द्या, मग फिक्स-ब्रोकन चालवा.

टर्मिनलमध्ये निळी-राखाडी खिडकी आली, माउस चालत नाही.

बहुतेक ‘उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज’ टाकताय. त्यात मायक्रोसॉफ्टचे एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फॉन्ट असतात आणि त्यांच्या परवान्याला होकार द्यावा लागतो. खाली ‘ओके’ दिसतं, पण क्लिक होत नाही. टॅब दाबा, ‘ओके’ रंगेल, मग एंटर. पुढच्या पडद्यावर टॅबने ‘येस’वर जा, परत एंटर. चुकून ‘नो’ झालं तर फॉन्टचं पॅकेज ‘पर्ज’ करून (सेटिंगसकट काढून) पुन्हा टाका.

मिंटमध्ये फक्त व्हिडिओ-ऑडिओचे कोडेक हवे असतील तर वेलकम स्क्रीनवरून ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ टाका.

पीपीए म्हणजे काय? जोडावं का?

कुणीतरी स्वतः बांधलेल्या उबुंटू पॅकेजांचा खासगी रेपो. जोडलात म्हणजे त्या माणसाला तुमच्या मशीनवर रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने पॅकेजेस बसवायची मुभा दिलीत. प्रोग्रॅमच्या निर्मात्यांचाच पीपीए असेल तर ठीक, नाहीतर फ्लॅटपॅक बरा. पाच-सहा वर्षं जुन्या लेखांतले पीपीए तर जोडूच नका. त्यांत तुमच्या व्हर्जनसाठी काही नसतं आणि मग प्रत्येक ‘अपडेट’ला ‘रिलीज फाइल नाही’ अशी चूक येत राहते. तसं झालं असेल तर मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’, उबुंटूत ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून तो पीपीए काढून टाका.

जुन्या लेखांची आणखी एक खूण: त्यांत ‘ॲप्ट-की’ ही कमांड असते. ती आता बाद पद्धत आहे. दिसली की लेख बंद करा.

माझ्याकडच्या एक्झी फाइलचं काय?

१९९३ पासून बनत आलेलं वाइन विंडोजच्या प्रोग्रॅमच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात देतं. ‘बॉटल्स’ हे फ्लॅटपॅक टाकलंत तर वाइनची मांडामांड सोपी होते. लहान, जुने, स्वयंपूर्ण प्रोग्रॅम बरेचदा चालतात. ज्यांना स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागतो ते चालत नाहीत, कारण वाइन प्रोग्रॅमचं बोलणं भाषांतरित करतं, विंडोजचा गाभा काही आणून देत नाही. डाँगल लावून चालणारी सॉफ्टवेअरं याच कारणाने अडतात.

दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर प्रयोग करू नका. विंडोज वेगळ्या पार्टिशनवर ठेवा, किंवा मशीनमध्ये ८ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाहीत. ऑफिसचं ब्राउझरमधून भागतं किंवा लिबरऑफिस आहेच. खेळांसाठी आधी स्टीममधलं प्रोटॉन बघा.

मराठी टाइप करायला काय टाकू?

‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज. उबुंटूत ते टाकून लॉग आउट करून परत आत या, मग सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस इथे अधिक चिन्हावर जाऊन मराठी जोडा. मिंटमध्ये आधी मेनूतल्या ‘इनपुट मेथड’मधून आयबस निवडा, लॉग आउट करा, मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी जोडा. लॉग आउट न करता ‘चालत नाही’ म्हणणारे बरेच. भाषा बदलायला विंडोजची खूण असलेली की आणि स्पेस.

यादीत इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक असे प्रकार दिसतील. इनस्क्रिप्ट शिकलात तर मराठीच्या खोड्यांवर उपाय मिळतो. ळ शिफ्ट-एनवर आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या बरोबर उमटायला साधा र चालत नाही, शिफ्ट-जेवरचा ऱ लागतो: शिफ्ट-जे, मग हलंतासाठी डी, मग यसाठी तिरकी रेघ, मग कान्यासाठी ई. साधा र घेतलात तर ‘दुसर्या’ असा रफार डोक्यावर चढतो.

कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली हा वेगळा मामला आहे. ते फॉन्ट युनिकोड नाहीत. टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवलीत तर फाइल वाचता येईल, पण मजकूर शोधता यायला हवा असेल तर तो युनिकोडमध्ये बदलूनच घ्या. टिंबाने सुरू होणारी फोल्डर लपलेली असतात, कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतात.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊ?

घेऊ नका. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा आणि ‘रिकमेंडेड’ लिहिलेला निवडा. साइटवरचा ड्रायव्हर हाताने बसवलात तर पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटनंतर काळा पडदा दिसण्याची शक्यता दाट.

सिक्युअर बूट चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड बनवायला सांगतील. तो कागदावर लिहा. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो आणि कोणतीही की दाबायला जेमतेम १० सेकंद मिळतात. दाबा, ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तोच पासवर्ड, मग ‘रीबूट’. ते १० सेकंद हुकले तर ड्रायव्हर बसलेला असूनही लोड होत नाही. मग पासवर्ड बनवण्यापासून पुन्हा सुरुवात.

सॉफ्टवेअर पूर्णपणे कसं काढायचं? सी ड्राइव्हमधलं प्रोग्रॅम फाइल्स कुठे आहे?

तसं एक फोल्डर नाही. प्रोग्रॅम एकीकडे, त्याची चित्रं-भाषा दुसरीकडे, सेटिंग तिसरीकडे असतात, आणि हा हिशेब डीपीकेजीकडे असतो. म्हणून फोल्डर हाताने डिलीट करायचे नाहीत. ‘रिमूव्ह’ प्रोग्रॅम काढतं पण सिस्टिममधली सेटिंग ठेवतं, ‘पर्ज’ तीही काढतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’ला मात्र दोघंही हात लावत नाहीत. नंतर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने अनाथ लायब्ररी जातात, पण इथेही यादी वाचून मगच ‘वाय’.

‘पायथन ३ मी वापरत नाही’ म्हणून ते काढू नका. डेस्कटॉपचे अनेक भाग त्यावर चालतात, तेही निघतात. मोठं काही करण्याआधी टाइमशिफ्टने स्नॅपशॉट (सिस्टिमची मागे जाता येईल अशी प्रत) घ्या. मिंटमध्ये ते आधीपासून असतं, उबुंटूत ॲप्टने टाकता येतं.

पिपने पायथनचं काही टाकताना ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणतं.

सिस्टिमच्या पायथनमध्ये बाहेरचं मिसळू नये म्हणून ते अडवतं. स्वतंत्र साधन हवं असेल तर ‘पिपएक्स’ वापरा, प्रकल्पासाठी हवं असेल तर व्हेन्व्ह (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन). ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ या पर्यायाचं नावच पुरेसं बोलकं आहे.

अँटिव्हायरस टाकू का?

घरच्या वापराला गरज नाही. धोका दुसऱ्या बाजूने येतो: कुठल्याही साइटवरची ‘कर्ल… पाइप… सुडो बॅश’ अशी, म्हणजे इंटरनेटवरून आणलेलं सरळ प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी ओळ न वाचता चिकटवण्यातून. स्नॅपच्या अधिकृत दुकानातही क्रिप्टो वॉलेटच्या नावाने बनावट ॲप शिरलेली आहेत, तेव्हा पैशांशी संबंधित काही टाकताना प्रकाशकाचं नाव बघा. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या साइटमध्येच घुसून तिथल्या आयएसओची (लिनक्स बसवायच्या फाइलची) लिंक बदलली गेली होती. म्हणून आयएसओ उतरवल्यावर त्याची एसएचए २५६ बेरीज (फाइल बदलली की बदलणारा तपासणीचा आकडा) आणि त्या बेरजांच्या फाइलवरची सही, दोन्ही ताडून बघायला सांगतात. नुसती बेरीज पुरत नाही, कारण साइटच हातात असली तर बेरीजही बदलता येते.

प्रिंटरची सीडी आहे, ती चालेल?

सीडी बाजूला ठेवा. आधी नुसती केबल लावून बघा. नवे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. एचपीसाठी ‘एचपीलिप’ हे पॅकेज पुरतं, काही लेझर मॉडेलांना वर एक प्लगइन लागतं आणि ते एचपीलिप स्वतः मागतं. कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरची गोष्ट अवघड आहे. तो कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो, आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर जुना असून ३२ बिटांच्या लायब्ररी मागतो. लिनक्सवर येण्याआधी आपला मॉडेल नंबर शोधून पाहा. असा प्रिंटर असेल तर तो घरातल्या विंडोज मशीनला जोडलेला ठेवा आणि लिनक्सवरून पीडीएफ बनवून तिकडे पाठवा.